पालथी पानं

दत्ताराम मासळी आणायला निघाला की त्याची बायको कांता आमच्या दाराशी येऊन आईला सांगायची, "काकी, आज आमचा जेवान उशिरा." कारण बांगड्यांच्या टोपलीसमोर उभं राहिलं की दत्तारामला मांदेली बरी वाटत. मांदेलीपाशी गेला की पुन्हा बांगडे. परळच्या बाजारातल्या कोळणी त्याला ओळखून होत्या. एक तर त्याला लांबून पाहिलं की शेजारणीला म्हणायची, "आला गो, आता दिवाबत्ती होईल."

तो सगळ्यांनाच सगळं विचारायचा. केस आज कापू की उद्या, गावी मनिऑर्डर आत्ता करू की पगारानंतर. मला विचारायचा, मग आमच्या खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याला विचारायचा, मग परत मला. मिलमध्ये रजा मागायला जॉबरसमोर, म्हणजे खात्याच्या मुकादमासमोर गेला, तर "बरं चाललंय ना?" एवढं विचारून परत आला. तो मिलच्या साचेखात्यात होता. साचे म्हणजे माग. वयाने माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणत असे आणि अरे-तुरे करत असे. तो मला मास्तर म्हणे. मी तेव्हा कॉलेजात मराठी साहित्य घेतलं होतं आणि त्यातून मास्तरच निघणार अशी चाळीची खात्री होती.

हाच माणूस पत्त्यांना बसला की दुसराच कुणीतरी होई. हे मी कितीतरी रविवार पाहिलं. मला ते तेव्हा कळलं नाही. आता लिहितानाही कळत नाही.

दुसऱ्या मजल्यावर गुणाजीकाकांची खोली होती. काका मिलच्या बॉयलरवर. बायको वारलेली, मूल नाही, त्यामुळे रविवारी दुपारी चटई त्यांच्याकडे पडे. चौघं असू. काका, दत्ताराम, पोस्टमन बाबुराव आणि मी. बाबुराव साताऱ्याकडचा, बोलायला फटकळ. खेळ तीन पत्तीचा. प्रत्येकाला तीन पानं पालथी वाटायची. हवी तर बघायची, नाहीतर न बघताच बोली लावायची. पान हलकं वाटलं तर टाकून द्यायचं. शेवटी जो उरेल त्याचा डाव. दोघं उरले तर पानं उताणी करून बघायची.

काकांच्या चटईवर एक नियम होता. टाकलेलं पान मेलेलं. ते कुणी उलटून बघायचं नाही. टाकणाऱ्याच्या हातात काय होतं, हे त्याचं त्याच्यापाशी. बाबुराव एवढा भांडखोर, पण त्यानेही हा नियम कधी मोडला नाही.

बहुतेक रविवारी दत्ताराम हरे. हरतानाही विचारत हरे. टाकू काय रे मास्तर, ठेवू? आणि मग एखाद्या रविवारी त्याचं बोलणं बंद व्हायचं. तो डावा पाय मांडीखाली घ्यायचा. खांदे खाली यायचे. आपली पानं तो उचलतच नसे. पालथ्या पानांवर तळहात ठेवायचा, क्षणभर थांबायचा आणि बोली लावायचा किंवा टाकून द्यायचा. दोन्ही सारख्याच शांतपणे. अशा दिवशी तो हरत नसे. बाबुराव चिडून शिव्या देई, काका हसत, मी मात्र त्याच्याकडेच बघत राही. समोर ओळखीचा माणूस बसलाय आणि तो तिथे नाही, असं वाटे.

एकदा असाच डाव रंगात असताना त्याचा धाकटा भाऊ शिवा दारात आला आणि त्याला हाक मारली. दत्ताराम उठून बाहेर गेला, दोन शब्द बोलला, परत येऊन बसला. त्यानंतर होतं नव्हतं ते सगळं हरला. तेव्हापासून तो म्हणायचा, पान ऐकायला लागलं की बसल्या जागेवरून उठायचं नाही. त्याचा शब्द तोच होता. "आज पान ऐकता."

पान ऐकतं म्हणजे काय होतं, हे मी त्याला एकदा विचारलं. त्याने बराच विचार केला. मग म्हणाला की साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालतात. नवीन माणसाला तिथे कान फुटल्यासारखं होतं. जुन्याला काही ऐकू येत नाही. फक्त आपला साचा बंद पडला की तेवढं ऐकू येतं. पत्त्यांचं तसंच आहे. सगळं चालू असतं आणि काही ऐकू येत नाही.

मी ते वहीत लिहून घेणार होतो. राहून गेलं.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं गेलं आणि रस्ते पेटले. परळ, लालबाग, गिरगाव, सगळीकडे करफ्यू. गिरण्या बंद. चाळीतले पुरुष एवढे दिवस एकदम घरात आहेत, असं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. गॅलरीत उभं राहिलं तर खालून शिपाई काठी दाखवून आत जायला सांगत. नाक्यावरून अधूनमधून गोळीचा आवाज येई. आवाज आला की बायका मुलांची नावं घेऊन मोजायला लागत.

त्या दिवशी सकाळी दूध-भाजीसाठी थोडा वेळ मोकळीक होती. दत्तारामची मुलगी तान्ही होती. शिवा तिच्यासाठी दूध आणायला बरणी घेऊन गेला. शिवा एकोणीस वर्षांचा, त्याच मिलमध्ये बदली कामगार. मोर्चाला जाऊ नको म्हटलं की हमखास जाणारा. मोकळीक संपली, रस्ता ओस पडला, खालचं फाटक लागलं. शिवा आला नाही. मग नाक्याकडे गोळ्या झाल्या.

कांतावयनी गॅलरीच्या कठड्याशी उभी होती. दत्ताराम खाली गेला. फाटकापर्यंत जाऊन परत आला. मला म्हणाला, जाऊ काय रे? बाबुरावला विचारलं. बाबुराव म्हणाला, जाशील आणि तूही मरशील. गुणाजीकाकांना विचारलं. पुन्हा जिन्यापर्यंत गेला, पुन्हा आला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. मला मासळीबाजारातला दत्ताराम दिसत होता, आणि ते मला सहन होत नव्हतं.

काकांनी त्याचा दंड धरला आणि त्याला खोलीत आणून बसवलं. मला चटई घालायला सांगितली. "आज पैसे नको," एवढंच म्हणाले. फळीवरून चिंचोक्यांचा डबा काढला आणि सगळ्यांसमोर एकेक मूठ ओतली.

पहिला डाव मी वाटला. काकांनी आणि मी पानं टाकली. बाबुराव आणि दत्ताराम उरले. दत्तारामने पानं बघितली नव्हती. बघण्याचं भानच नव्हतं त्याला, असं मला वाटलं. बाबुरावकडे राण्यांची जोडी होती. दत्तारामची पानं उताणी केली तर सत्ती, अठ्ठी, नव्वी. ओळीतली. डाव त्याचा.

तो त्या तीन पानांकडे बघत राहिला. मग त्याने डावा पाय मांडीखाली घेतला.

दुसरा डाव त्याचा. तिसराही. त्याचे खांदे खाली आले. ओठांवरून त्याने एकदा जीभ फिरवली. मग आमच्यापैकी कुणाकडेही न बघता म्हणाला,

"पान ऐकता. शिवा येतलो."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी पत्ते पिसायला घेतले.

नाक्याकडे पुन्हा आवाज झाला. बाबुराव दचकला, माझ्या हातातलं पान पडलं. दत्तारामची पापणी हलली नाही. तो पालथ्या पानांवर तळहात ठेवून बसला होता. थोड्या वेळाने वयनी दारात आली. कडेवर मुलगी होती. तिला आधी वाटलं असावं की आत काही सल्लामसलत चालली आहे. चिंचोके पाहून ती थबकली.

"उठा," ती म्हणाली. "खाली जावन बघा तरी."

"उठलंय तर जायत," दत्ताराम म्हणाला.

"काय जायत?"

त्याने एक चिंचोका पुढे सरकवला. वयनीने माझ्याकडे पाहिलं. मी हलक्या आवाजात तिला सांगितलं, की शिवा दारात आला होता त्या रविवारी काय झालं, आणि आज दादाने काय धरून ठेवलंय. मला वाटलं ती चटई ओढून फेकून देईल. तिने मुलीला खांद्यावर घेतलं आणि उंबऱ्याशी बसली. नंतर माझ्या लक्षात आलं, तीही पत्त्यांकडेच बघत होती. डाव त्याच्याकडे गेला की तिची मान किंचित हले.

किती डाव झाले मला आठवत नाही. बरेचसे डाव पानं न उघडताच संपत. बाबुराव आणि मी टाकून मोकळे होत असू, मग काका आणि दत्ताराम उरत. काकाही टाकत. बाबुरावपुढचे चिंचोके संपले. दत्तारामने आपल्या ढिगातली ओंजळभर त्याच्याकडे सरकवली.

"घे. खेळ."

"मला नाही खेळायचं," बाबुराव म्हणाला. "भाऊ बाहेर आहे तुझा. कुठल्या गटारात पडलाय माहीत नाही. आणि तू चिंचोके गोळा करतोस? लाज वाटत नाही?"

काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाबुरावचे डोळे भरले होते. त्याने नाक पुसलं आणि पानं उचलली.

दत्तारामला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. किंवा गेलं असेल. त्याचा चेहरा इतका निवांत होता की मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्याजवळ सरकून बसावंसं वाटलं. मी अभ्यासात पुष्कळ चेहऱ्यांची वर्णनं वाचली होती. या चेहऱ्याला लावायला माझ्याकडे शब्द नव्हता. भावाला विसरलेला माणूस असा दिसतो, की भावाला दोन्ही हातांनी धरून ठेवलेला माणूस असा दिसतो?

पुढचा डाव काकांनी वाटला. मी पानं उचलली. तीन राजे.

माझ्या आयुष्यात तीन राजे तेवढे एकदाच आले. तीन एक्के सोडले तर त्यांच्यावर पान नाही. समोर दत्तारामने न बघता बोली लावली. काकांनी टाकली, बाबुरावने टाकली. मी वर पाहिलं. काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी खूण केली नाही. उंबऱ्यावरून वयनीही बघत होती. मी पानं पालथी टाकली.

मी फार वेळ घेतला होता. त्याने तेवढ्याने ओळखलं असेल. दत्ताराम चिंचोके ओढायला पुढे वाकला आणि मध्येच थांबला. मग त्याने मी टाकलेल्या पानांवर बोट ठेवलं आणि एकेक करून ती उताणी केली.

काकांच्या चटईवर मेलेलं पान उलटलेलं मी त्या दिवशी पाहिलं, त्याआधी नाही, त्यानंतर नाही.

तीन राजे चटईवर पडले होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे, मग बाबुरावकडे, मग काकांकडे.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दत्तू, पानां वाट," काका म्हणाले.

"कधीपासून चल्लाहा ह्यां?"

खोलीत एकदम शांतता झाली. मग कळलं की बाहेरही शांत आहे, आणि बराच वेळ झाला शांत आहे. दत्तारामने मान तिरकी केली. साचा बंद पडला की तो अशीच मान करत असणार.

तो उठला. पाय आखडला असावा, एकदा भिंतीला हात लावला. मग वयनीच्या बाजूने बाहेर पडला आणि जिना उतरून गेला. जाऊ काय, असं कुणाला विचारलं नाही.

आम्ही गॅलरीत धावलो. तो फाटक उघडून रस्त्यावर गेला होता. अंगात गंजी आणि अर्धी चड्डी, पाय अनवाणी. रस्त्याच्या मधून चालत होता. पळत नव्हता, कडेने जात नव्हता. पत्त्यांना बसायचा तसा चालत होता. नाक्यावरचे शिपाई आधी नुसते बघत राहिले. मग दोघं धावले. त्याने तोंडावर हात घेतले. लाठी हातांवर बसली. त्याला गाडीत घातलं आणि गाडी गेली.

वयनी ओरडली नाही. तिने कठडा धरला होता, तो सोडला नाही.

थोड्याच वेळाने शिवा आला. मागच्या बाजूने, संडासाच्या भिंतीवरून चढून. तो पलीकडच्या चाळीत पिठाच्या गिरणीत अडकला होता. गिरणीवाल्याने आतून कडी लावून घेतली होती आणि कुणाला बाहेर सोडत नव्हता. बाहेर शांत झालं तेव्हा सोडलं. त्याच्या अंगावर पीठ होतं. बरणीत दूध शिल्लक होतं.

वयनीने आधी बरणी घेतली. दूध स्टोव्हवर ठेवलं. ते वर येईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग कुणाकडेही न बघता म्हणाली, "आधी उठले असते तर गाडी नाक्यार नव्हती. आणि थोडे बसले असते तर हो शिवा इलोच हुतो."

दत्ताराम करफ्यू उठल्यावर सुटला. डाव्या हाताची दोन बोटं मोडली होती. हाडं धरली, पण बोटं ताठ राहिली. तुटलेला धागा झटक्यात सांधायला ती बोटं लागतात. मग त्याला साच्यांवरून काढून घडीखात्यात टाकलं. तिथे कापडाच्या घड्या घालायच्या. आवाज कमी, पगारही कमी. शिवाने काही दिवस त्याच्याशी नजर मिळवली नाही. मग नेहमीसारखा मोर्चाला जायला लागला.

मला वाटलं होतं, दत्ताराम आता पत्त्यांना शिवणार नाही. तो पुढच्याच रविवारी आला. चिंचोक्यांवर खेळू म्हणाला. तेव्हापासून त्या खोलीत पैसे लागले नाहीत. पण आता तो पानं उचलून बघायचा, दोनदा बघायचा. डावा पाय मांडीखाली कधी घेतला नाही. जिंकला काय, हरला काय, सारखंच बोलत राही.

आणि बाजारात मात्र वेगळंच झालं. एकदा मी त्याच्याबरोबर गेलो. त्याने पहिल्या टोपलीतल्या बांगड्यांकडे बोट केलं, घेतले आणि वळला. कोळीण त्याच्या पाठीकडे बघत राहिली. त्याला आता कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. जॉबरशी तो नीट बोलायचा. चाळीतले लोक म्हणू लागले, दत्ताराम सुधारला. वयनीला ते आवडत नसे. एकदा आईला म्हणाली, "पयले बरे होते. माका विचारायचे तरी."

त्या दिवसाबद्दल तो माझ्याशी एकदाच बोलला. मी तेव्हा दादरला एका शाळेत लागलो होतो. आम्ही गॅलरीत उभे होतो. त्याने विचारलं, "मास्तर, पयलो डाव खरो होतो मां?"

"खरा. तुझी पानं उताणी झाली होती. बाबुरावकडे जोडी होती."

"आणि मगचे?"

"माझ्याकडे तीन राजे आले, तोवर माझं काही नव्हतं. मी खरंच टाकत होतो. बाबुरावही. शेवटी काका उरायचे."

"म्हणजे काकांका ठावक."

"काकांना विचार."

"तू विचार," तो म्हणाला. एवढीच एक गोष्ट मग त्याने माझ्यावर टाकली.

मी विचारलं नाही. विचारायचं ठरवून काकांकडे जायचो आणि दुसरं काही बोलून यायचो. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी काका मिलमधून निवृत्त झाले आणि गावी निघाले. मी त्यांना पोचवायला भाऊच्या धक्क्यावर गेलो. वळकटी बोटीवर चढवली. भोंगा झाला. तेव्हा कुठे मी विचारलं. त्या दिवशी तुमच्या हातात कसली पानं होती, काका? तुम्ही त्याला जिंकू देत होता का?

काका पाण्याकडे वळले.

"माका काय ठावक," ते म्हणाले. "माझी पानां मी बघूकच नाय. उचललंय आणि टाकलंय. बघितलंय असतंय तर टाकूक झाला नसता."

मग ते बोटीवर चढले.

मी ते दत्तारामला पुढच्या रविवारी सांगितलं. चटई आता त्याच्या खोलीत पडली होती. शिवा काकांच्या जागी बसला होता. बाबुराव पत्ते पिसत होता. दत्तारामने ऐकून घेतलं. त्याची ताठ बोटं चटईच्या काडीवरून फिरत होती.

"म्हणजे आमी दोघंय न बघता," तो म्हणाला.

बाबुरावने पानं वाटली. शिवाने बघून टाकली. बाबुरावने बोली लावली. दत्तारामने आपल्या पानांवर तळहात ठेवला आणि तसाच बसून राहिला.

"बघणार की तसाच?" बाबुरावने विचारलं.

वयनी स्टोव्हपाशी होती. तिचा हात थांबला.

दत्तारामने ती तीन पानं न उचलता चटईवरून माझ्याकडे सरकवली.

"मास्तर, तू बघ," तो म्हणाला. "सांगू नको."

मी बघितली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. साचेखात्यातल्या माणसांना गोंगाटात ओठ वाचायची सवय असते. मी ओठ मिटून घेतले. माझ्या तोंडावर काय दिसलं ते मला माहीत नाही. मी पानं पालथी करून परत त्याच्यापुढे ठेवली.

त्याने डावा पाय हळूच मांडीखाली घेतला आणि समोरचे सगळे चिंचोके पुढे सरकवले.